पुन्हा प्यालात? मग पुढचे ७२ तास असे हाताळा

तीन महिने, आठ महिने, कुणाची दोन वर्षं दारू बंद होती आणि काल पुन्हा पिणं झालं. आता सकाळ झाली आहे, किंवा अजून रात्रच आहे आणि खिशात अर्धी चपटी शिल्लक आहे. हा लेख त्या माणसासाठी आहे आणि त्याच्या शेजारी डोक्याला हात लावून बसलेल्या घरच्यांसाठीही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या पेगनं जेवढं नुकसान होतं, त्याहून कितीतरी जास्त नुकसान तो पेग लपवण्यात गेलेल्या दिवसांत होतं. त्यामुळे पुढची सगळी धडपड तीन कामांसाठी करायची: पिणं इथेच तोडायचं, जिवाला धोका नाही याची खात्री करायची आणि चोवीस तासांच्या आत कुणाला तरी खरं सांगायचं.

एक संध्याकाळ पिणं झालं आणि थांबलं, तर व्यसनमुक्ती केंद्रात त्याला स्लिप म्हणतात. रोजचं पिणं परत सुरू झालं की तो रिलॅप्स. स्लिपचं रूपांतर रिलॅप्समध्ये का होतं, याचा बारकाईनं अभ्यास ॲलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं केला. त्यांचं म्हणणं असं, की ‘मी अजिबात पिणार नाही’ हा नियम एकदा मोडला की माणसाला वाटतं, गेलंच सगळं, मी आहेच असा. हा अपराधीपणा सहन होत नाही आणि तो बुडवायला हाताशी असते ती पुन्हा दारूच. म्हणजे दुसरी क्वार्टर बऱ्याचदा तलफेपोटी घेतली जात नाही, लाजेपोटी घेतली जाते. हे कळलेलं असलं की दुसरी टाळायला मदत होते.

आत्ता, या तासात

उरलेली दारू बेसिनमध्ये ओता. ‘उद्या लागली तर’ म्हणून ठेवू नका, कुणाला देण्यासाठीही ठेवू नका. बारमध्ये किंवा मित्राच्या खोलीवर असाल तर ग्लास भरलेला असतानाच उठा. ‘एवढा संपवून निघतो’ म्हणून बसलेला माणूस तेवढ्यावर उठत नाही. गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या, रिक्षानं घरी या.

आपण नेमकं किती प्यालो हे कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार आहेत आणि उद्यापर्यंत आकडा मनातल्या मनात निम्मा होतो. व्हिस्की, रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशोबानं १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं आणि ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरमध्ये ४० ग्रॅमच्या आसपास. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम एवढंच निकामी करू शकतं. रात्री अकराला क्वार्टर संपली असेल तर सकाळी सहाला कामावर निघताना ती अजून अंगात असू शकते. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. त्यामुळे सकाळीही गाडी चालवू नका.

इथे एक धोका आहे जो नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. काही महिने दारू बंद असली की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पण हाताला जुनं माप पाठ असतं. पूर्वी दोन क्वार्टर पचवणारा माणूस आज तेवढ्यात बेशुद्ध पडू शकतो. झोपवताना त्याला उताणं ठेवू नका, कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाणार नाही. हलवून, हाक मारून जागा होत नसेल, श्वास खूप सावकाश किंवा तुटक चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपून उठला की बरा होईल’ म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा.

आदल्या डिटॉक्सच्या, म्हणजे दवाखान्यात दारू उतरवण्याच्या उपचारांच्या वेळच्या झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या घरात उरलेल्या असतात. दारू अंगात असताना त्या घेऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. डोकं दुखतंय म्हणून क्रोसिनवर क्रोसिन घेणं यकृताला महागात पडतं आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळीनं आधीच चिडलेल्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पाणी, ओआरएस, थोडी पेज किंवा खिचडी, एवढंच पुरे.

डायसल्फिराम ही गोळी चालू असेल, म्हणजे जिला बहुतेक पेशंट नुसतं ‘दारू सोडायची गोळी’ म्हणतात, तर हिशोब वेगळा. तिच्यावर दारू घेतली की दहा-पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, उलट्या होतात, कधी रक्तदाब एकदम खाली जातो. शेवटची गोळी घेतल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं यातलं काहीही झालं तर थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि दारात पाऊल टाकताच सांगा: ‘डायसल्फिरामवर दारू घेतली आहे.’

प्यायलेली दारू हातभट्टीची किंवा बिनलेबलची असेल तर पुढचा पूर्ण दिवस डोळ्यांकडे लक्ष ठेवा. मिथेनॉल मिसळलं असेल तर त्रास लगेच होत नाही, बऱ्याचदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो. नजर धूसर होते, पांढरं धुकं पसरल्यासारखं दिसतं, पोटात कळा येतात. २०१५ साली मुंबईत मालवणीला अशाच दारूनं शंभरावर माणसं गेली. दृष्टीत जरासाही फरक वाटला तर एक तासही वाया घालवू नका.

आणि मनात ‘जगून काय उपयोग’ असं येत असेल तर एकटे राहू नका. दारू आणि अपराधीपणा एकत्र आले की असे विचार येतात. नशा उतरली, दोन जेवणं झाली, एक झोप झाली की त्यांचा जोर बऱ्याचदा ओसरतो, पण तोवरचे तास धोक्याचे असतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी कीटकनाशकाचे डबे, गोळ्यांच्या पट्ट्या तेवढ्या वेळेपुरत्या तरी हलवून ठेवाव्यात.

घरी थांबायचं की दवाखान्यात जायचं

एकाच संध्याकाळी पिणं झालं असेल, आधी फिट आल्याचा इतिहास नसेल आणि दुसऱ्या दिवशी फक्त डोकं जड, तोंड कोरडं एवढंच असेल, तर घरी सोबत कुणीतरी असताना सावरता येतं. दोन दिवसांत आपल्या डॉक्टरांना भेटून यायचं.

रोजचं पिणं पुन्हा सुरू होऊन आठवडा-दहा दिवस झाले असतील तर मात्र ‘उद्यापासून एकदम बंद’ हा निश्चय घरी करू नका. रोज दारू मिळण्याची मेंदूला सवय लागलेली असते. ती अचानक थांबली की मज्जासंस्था उसळते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हाताला कापरं, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत कधीही फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं, वेळ आणि जागा यांचं भान सुटतं, ताप चढतो. हा डेलिरियम ट्रेमेन्स. यात जीव जाऊ शकतो. घरचे अशा वेळी बाहेरचं काही लागलं म्हणून मांत्रिकाकडे नेतात आणि मोलाचे तास हातचे जातात.

म्हणून दवाखान्यात कधी जायचं ते पक्कं लक्षात ठेवा: पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, हाताचं कापरं इतकं असेल की पाण्याचा पेला तोंडाशी नेता येत नाही, भास होत असतील, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं असेल, डोळे पिवळे किंवा पोट फुगलेलं असेल, मधुमेह-हृदयविकार असेल, किंवा घरात चोवीस तास सोबतीला कुणीच नसेल. यातलं एक जरी लागू असेल तरी दवाखाना गाठा.

कापरं थांबवायला सकाळी ‘उतारा’ म्हणून नाइंटी मारण्याची जुनी युक्ती तात्पुरती लागू पडते, यात खोटं काही नाही. पण तोच रोजच्या पिण्याचा पहिला पेग ठरतो. डॉक्टर त्याच कामासाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तत्सम औषध देतात, सुरुवातीला पुरेसा डोस आणि मग पाच-सात दिवसांत पायरीपायरीनं कमी. यकृत खराब असेल तर लोराझेपाम निवडतात. हा डोस वजन, वय, यकृत आणि रोजचं माप पाहून ठरतो. शेजारच्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची ही वस्तू नव्हे.

गावच्या दवाखान्यात अशक्तपणा आला की सलाईन लावायची पद्धत आहे आणि त्यात बऱ्याचदा ग्लुकोज असतं. दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: नजर थरथरते, चाल लडखडते, गोंधळ उडतो आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून सलाईन लावण्याआधी स्पष्ट सांगा, ‘हे रोज दारू घेतात, आधी थायमिनचं इंजेक्शन द्याल का?’ हे विचारायला लाजू नका. ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगून दारूची गोष्ट लपवली, तर डॉक्टरांनाही अंधारात ठेवल्यासारखं होतं.

दर वेळी सोडताना त्रास आधीपेक्षा जास्त होतो, असं पेशंट म्हणतात ते खरं आहे. वारंवार पिणं आणि तोडणं यामुळे मेंदू अधिकाधिक हळवा होत जातो. गेल्या वेळी नुसतं कापरं होतं म्हणून यंदाही तेवढंच होईल, असं धरून चालू नका.

चोवीस तासांच्या आत कुणाला सांगायचं

तीन माणसं: तुमचा समुपदेशक किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या गटातला स्पॉन्सर, म्हणजे पाठीशी उभा राहणारा जुना सदस्य, घरातलं एक माणूस आणि औषधं देणारे डॉक्टर. याच क्रमानं. पहिला फोन घराबाहेरच्या माणसाला करावा असं आम्ही मुद्दाम सांगतो, कारण घरी सांगताना समोर राग आणि रडणं असणार आणि ते झेलायला कुणीतरी पाठीशी असलेलं बरं.

फोनवर काय बोलायचं ते आधी लिहून घ्या. लांबण लावली की कारणं सुरू होतात. एवढं पुरे: ‘काल संध्याकाळी मी प्यालो. एक क्वार्टर. आज प्यायलेलो नाही. मला भीती वाटतेय. आज भेटता येईल का?’ यात ‘पण’ नाही, मेव्हण्याचं लग्न नाही, साहेबाची बोलणी नाहीत. ती पुढे भेटीत येऊ द्या.

घरी सांगताना नशा पूर्ण उतरलेली असू द्या आणि मुलं झोपलेली असू द्या. माफी थोडक्यात मागा, वचन मागे ठेवा, काय करणार ते पुढे ठेवा: ‘मी प्यालो. उद्या दहा वाजता केंद्रात जातोय, तू येशील का?’

मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका आणि घरच्यांनी ती घ्यायला लावू नये. शपथ मोडली की मुलाचं काही बरंवाईट होईल या धास्तीनं माणूस पुढची स्लिप जिवापाड लपवतो. पोराला साधा ताप आला तरी घर हादरतं आणि त्या लहान जिवाच्या माथी कारण नसताना ओझं येतं. माळ घालून दारू सोडलेली माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि ती श्रद्धा आधार देते. पण स्लिप झाली म्हणून माळ काढून खुंटीला लावू नका. दिंडीतल्या किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी बोला.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला परत जाताना पाय अडखळतात, कारण मागच्याच महिन्यात दारू सोडल्याबद्दल टाळ्या वाजल्या होत्या. पण या संघटनेची स्थापना १० जून १९३५ या दिवशी झाली असं मानतात, ते सहसंस्थापक डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली म्हणून. त्याआधी दुसरे सहसंस्थापक बिल विल्सन यांच्या भेटीनंतर त्यांनी दारू सोडलेली होती आणि मग एका वैद्यकीय परिषदेला गेले असताना ते पुन्हा प्याले होते. मीटिंगमध्ये बसलेल्या बऱ्याच जणांनी हे भोगलेलं असतं. फी नसते, आडनाव विचारत नाहीत. शेअरिंग, म्हणजे आपली गोष्ट सांगणं, जमत नसेल तर नाव सांगून ‘आज नुसतं ऐकतो’ म्हणा. सुरुवातीचे काही आठवडे रोज एक मीटिंग ठेवता आली तर उत्तम.

केंद्र माहीत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल फ्री नंबर आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, बऱ्याच जिल्हा रुग्णालयांतही. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये उपचार घेतलेल्यांनी तिथल्याच पाठपुराव्याला जावं. जुनी फाइल असते, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. बायकांना हे सगळं दुप्पट कठीण जातं, कारण बाईनं पिणं ही गोष्ट घरच दडपून ठेवतं. स्त्रियांसाठी वेगळा विभाग असलेली केंद्रं कमी आहेत, पण आहेत. मुक्तांगणचा ‘निशिगंध’ त्यातलाच.

वहीत मागचे पंधरा दिवस

तिसऱ्या दिवशी, डोकं ताळ्यावर आलं की, वही घेऊन उलटं लिहायला बसा. पिण्याच्या क्षणापासून मागे मागे, निदान पंधरा दिवस. कारण शोधायचं नाही, फक्त घडलं ते लिहायचं: झोप किती, जेवण कधी, गोळी घेतली का, मीटिंग चुकली का, कोण भेटलं, पैसे कुठून आले. एखाद्याची वही अशी दिसेल:

शुक्रवार: पगार झाला. दुपारी जेवलो नाही. सहाला सुटलो, जुन्या रस्त्यानं आलो. पक्या भेटला, ‘बसायचं का?’ म्हणाला. साडेसहाला पहिला पेग.
गुरुवार: रात्री बायकोशी भांडण, हप्त्यावरून. दोनला झोप लागली.
बुधवार: बारच्या शेजारच्या टपरीवर अंडाभुर्जी खाल्ली. प्यालो नाही. बरं वाटलं.
सोमवार: गोळी संपली, आणली नाही.
मागचा रविवार: पाहुणे होते, मीटिंगला गेलो नाही.

पेशंट बोट ठेवतो शुक्रवारच्या पक्यावर. आम्ही बोट ठेवू बुधवारच्या अंडाभुर्जीवर. बारशेजारचीच टपरी का? भुर्जी दहा ठिकाणी मिळते. मन असे बारीकसारीक, निरुपद्रवी दिसणारे निर्णय घेत घेत माणसाला बाटलीच्या जवळ नेऊन ठेवतं; शेवटची पायरी तेवढी अचानक वाटते. त्याच्याही आधी मीटिंग आणि गोळी सुटलेली आहे. तुमच्या वहीतला असा पहिला सुटलेला टाका शोधा. पुढच्या वेळी धोक्याची घंटा तिथेच वाजायला हवी, पेग समोर आल्यावर फार उशीर झालेला असतो.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींपुढे रोज संध्याकाळी बरोबर-चूक अशी खूण करा. वरच्या शुक्रवारी पाहा: जेवण नाही, भांडणाचा राग मुरलेला, झोप अपुरी. चारपैकी तीन एकदम.

वही पाहून घडी बदलायची

पैसे: पगार थेट घरच्या खात्यात, फोनवरून पैसे पाठवण्याची दैनंदिन मर्यादा ५०० वर, खिशात जाण्यायेण्यापुरते. हे अपमानाचं वाटतं, म्हणून मुदत घालून घ्या. तीन महिने, मग पुन्हा बोलू. ‘उधारी चालेल’ म्हणणाऱ्या दुकानदाराला घरच्या माणसानं स्वतः जाऊन सांगावं.

रस्ता आणि वेळ: बऱ्याच जणांची घसरण संध्याकाळच्या वेळात होते. सुटण्याआधी, पाच-साडेपाचला पोटभर काहीतरी खा. भरल्या पोटी तलफ बोथट होते. रस्ता बदला, लांबचा पडला तरी.

तलफ आली की ती वाढतच जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात उतरते. घड्याळ लावा. गार पाणी प्या, जागा सोडा, चालायला लागा, फोन लावा. अर्ध्या तासानं काय ते ठरवू, असं स्वतःला सांगा आणि तो अर्धा तास माणसांत काढा. तलफेशी एकट्यानं वाद घालत बसू नका, त्या वादात तीच जिंकते.

‘बसायचं का?’ला उत्तर तयार असू द्या आणि ते मोठ्यानं म्हणून पाहा. ‘नाही, गोळ्या चालू आहेत, घेतली की ॲडमिट व्हावं लागतं’ एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी भागतं. ‘आज नको’ म्हणू नका, त्यात उद्याचं आमंत्रण आलंच. चकण्यासाठी नुसतं बसणं, ‘मी थम्सअप घेतो’ म्हणून बसणं, पहिलं वर्ष तरी बंद.

गटारी, धुळवड, हळदीची रात्र, वरात, जत्रेचं मटण, ३१ डिसेंबर हे दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करा. गटारीला सकाळपासून मित्रांचे मेसेज सुरू होतात. त्या दिवशी संध्याकाळी मीटिंग, किंवा बायकामुलांना घेऊन दुसऱ्या गावी. लग्नाला जायचंच असेल तर मुहूर्ताला जा, अक्षता टाका, जेवा आणि निघा. वरातीत नाचायला थांबू नका.

घरातल्या बाटल्याही तपासा. खोकल्याच्या काही औषधांत, होमिओपॅथीच्या थेंबांत, माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. आसव-अरिष्टांच्या लेबलवर स्वयंजनित अल्कोहोलचं प्रमाण छापलेलंच असतं. वैद्यांना आपली अडचण सांगा, ते काढा किंवा गोळी देऊ शकतात.

औषधांबद्दल थोडं

डायसल्फिराम साधारण २५० मिलिग्रॅम रोज देतात, शेवटच्या दारूनंतर किमान बारा तास उलटल्याशिवाय सुरू करत नाहीत आणि ती घरच्या माणसासमोर घेतली तरच खरी कामाची. नॅल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅमची गोळी पिण्यातली मजा आणि ओढ कमी करते. ट्रामाडॉल किंवा कोडीनयुक्त खोकल्याचं औषध चालू असेल तर ती चालत नाही, हे आधी सांगा. अकॅम्प्रोसेटच्या ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा; किडनीची तपासणी लागते. यकृत फार बिघडलेलं असेल तर डॉक्टर यापेक्षा वेगळा मार्ग घेतात, कधी बॅक्लोफेन. नॅल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट स्लिप झाली म्हणून आपणहून बंद करायची नसतात. ‘प्यालोच आहे तर गोळी कशाला’ असं म्हणून पेशंट नेमकी तेव्हाच सोडतात. डायसल्फिरामचं उलट आहे: प्यायलेले असताना ती घ्यायचीच नाही, डॉक्टरांना विचारूनच परत सुरू करायची.

घरच्यांसाठी

नशेत असलेल्या माणसाशी वाद, हिशोब, उपदेश काहीही नको. जेवण झाकून ठेवा, तो सुरक्षित आहे एवढं पाहा, बोलणं सकाळी. हात उगारला तर तिथे समजूतदारपणा दाखवू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा, ११२ किंवा महिलांसाठी १८१. आजार हे मारहाणीचं समर्थन होत नाही.

चहा-भाजीतून गुपचूप गोळी किंवा पुडी देऊ नका. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातीतल्या पुडीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. डायसल्फिराम असेल आणि त्याला न कळता तो प्याला, तर रस्त्यात कोसळू शकतो. शिवाय कळल्यावर तो तुमच्या हातचं जेवणही संशयानं खातो.

कामावर ‘ताप आहे’ असा खोटा फोन तुम्ही करू नका, त्याची उधारी तुम्ही फेडू नका; त्याच वेळी केंद्रात जायला मात्र बरोबर निघा. साखळीनं बांधून ठेवणं मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे गुन्हा आहे. एखाद्या केंद्रात तसं दिसलं, घरच्यांना भेटू देत नाहीत असं कळलं, तर पेशंटला तिथून बाहेर काढा. आणि स्वतःसाठी ॲल-ॲनॉनची, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाची मीटिंग, मुक्तांगणमधल्या ‘सहचरी’सारखा पत्नींचा गट, किशोरवयीन मुलांसाठी ॲलाटीन, यातलं एक तरी धरा. तो सोडेपर्यंत थांबू नका.

पुन्हा ॲडमिट व्हायचं का?

एका स्लिपसाठी सहसा गरज नसते; आठवड्यातून दोनदा समुपदेशन, औषध आणि मीटिंग यांनी भागतं. दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा पिणं झालं, सकाळी पिणं सुरू झालं, किंवा घरात दारूच्या बाटल्या ठेवणारं दुसरं माणूस आहे आणि ते बदलणार नाही, तर ॲडमिट होण्याचा विषय आपणहून काढा. आपल्या पायांनी गेलेल्याला उपचारांच्या अटी आधी बोलून घेता येतात.

पुढचे तीन महिने भेटी ठरवून ठेवा: पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. यकृताच्या तपासण्या एकदा आता, एकदा तीन महिन्यांनी. एएमध्ये सोबर दिवसांची मोजणी नव्यानं सुरू होईल, ती तशीच होऊ द्या. जुना आकडा मात्र वहीत राहू द्या, कारण डॉक्टरांना दोन्ही लागतात: यावेळी किती दिवस दारूशिवाय गेले आणि पिणं सुरू झाल्यावर किती दिवसांत थांबलं. पहिला आकडा वाढतोय का, दुसरा घटतोय का, हे पाहूनच चालू उपचार ठेवायचा की बदलायचा ते ठरतं.